वादाचा रकाना

३ मार्च, सोमवार

ज्याला एका वहीत खोटं लिहावं लागतं त्याने खऱ्यासाठी दुसरी वही ठेवावी. एवढं साधं शहाणपण सुचायला मला तीन वर्षं लागली. म्हणून ही वही. आज कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. कागद बरा आहे, शिवण मात्र भिकार, महिनाभरात पानं हातात येतील.

आज पुरस्काराच्या ऑफिसातून पंधरवड्याची वस्तू आली, घरी वापरून पाहायची. गाडीवाल्याने खोकं आत आणून टेबलावर ठेवलं, सही घेतली, 'जेवलात का' म्हणून विचारलं आणि गेला. पूर्वी हा प्रत्येक खेपेला दारातून ओरडायचा, "वहिनींना नमस्कार सांगा हो!" हल्ली दोनतीन वर्षं म्हणत नाही. माणसं रीतभात विसरत चालली आहेत.

खोक्यात गजराचं घड्याळ निघालं. घड्याळ टेबलावर राहतं आणि त्याची एक चपटी चकती उशीखाली ठेवायची. वेळ झाली की चकती थरथरते, आवाज नाही. सोबत वापरवही, नेहमीचीच, आणि या वेळी एक पत्र. एरवी वस्तू बिननावाची येते, नुसता क्रमांक. पण एकदा नाकारलेली वस्तू सुधारून परत आली, तर काय बदललं ते बनवणाऱ्याला कळवता येतं. ऑफिसने पत्राचं भाषांतर करून दिलं होतं. ते इथे उतरवून ठेवतो:

'दोन वर्षांपूर्वी आमचं घड्याळ तुमच्या एका घरातून नापास होऊन आलं. त्या घरातल्या बाईंनी वादाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सहाला उठायचं असतं यांना, गजर यांचा, आणि झोप मोडते माझी." आम्ही दोघी बहिणींनी ते वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लावलं. त्या बाईंची झोप मोडू नये म्हणून दोन वर्षं खपलो. आता त्यांना विचारा, झोप लागते का.'

हिला जाऊन तीन वर्षं चार महिने झाले. ते वाक्य मी लिहिलं होतं.

४ मार्च, मंगळवार

गोदामात गेलो. नोकरी संपून तीन वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोनदा जातो, कारण पुरस्काराला यंदा साठ वर्षं होतात आणि साहेबांनी इतिहास लिहायला एक बाई नेमली आहे. तिला एकही जुनी वस्तू सापडत नाही. चौतीस वर्षं मी तिथला भांडारपाल. कुठल्या फळीवर काय आहे ते डोळे मिटून सांगेन. मी तिला इतिहासवाली म्हणतो, अर्थात मनात.

आज तिने विचारलं, "सुरुवात कशी झाली ते तुमच्या शब्दांत सांगा." मी म्हटलं, छापील पत्रकात आहे की. तर म्हणाली, पत्रकात फक्त तारखा आहेत.

मग सांगितलं. पहिल्या वर्षी पाच विद्वान परीक्षकांनी एका किटलीला बक्षीस दिलं. डौलदार किटली, मूठ तर अशी की बघत राहावं. पुरस्कार सुरू करणाऱ्या थोरल्या साहेबांनी ती कौतुकाने घरी नेली. बायकोने पाणी ओतलं आणि तिचा तळवा भाजला. ती म्हणाली, "बक्षीस देणाऱ्यांपैकी एकाने तरी हिच्यातून पाणी ओतलंय का?" साहेब म्हणाले, त्या वळणातली कला तुला कळत नाही. ती म्हणाली, मग धरा. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मूठ धरली.

त्यातून नियम झाला. चाळीस देशांतून वस्तू येतात, कारखान्याची असो की एकट्या माणसाची. शेवटच्या फेरीतली प्रत्येक वस्तू पंधरा दिवस दोन साध्या घरांत राहायला जाते. घरात किमान दोन माणसं हवीत. दोघांचं जिथे पटलं नाही ते वादाच्या रकान्यात लिहायचं. रकाना रिकामा असेल तर वही परत येते. थोरले साहेब म्हणायचे, भांडण झाल्याशिवाय वस्तू कळत नाही. बक्षीस म्हणून त्याच किटलीची मूठ, पितळेत ओतलेली. लोक म्हणतात, अमक्याला मूठ मिळाली.

"पण याचं महत्त्व काय?" तिने विचारलं.

"महत्त्व म्हणाल तर खोक्यावर मुठीचा शिक्का आला की माल चाळीस देशांत जातो. पण ते सोडा. जगात बक्षिसं पैशाला पासरी आहेत. घरातल्या दुसऱ्या माणसाला 'तुला काय वाटतं' विचारणारं हे एकच."

बोललो आणि पाठ करून फळीवरची खोकी मोजायला लागलो.

ती लिहिता लिहिता म्हणाली, "वादाच्या रकान्यावर वेगळं प्रकरण करतेय. सगळ्यात जास्त उतारे तुमच्या घरचे आहेत. बाईंचं बोलणं काय फर्मास आहे हो! साहेबांच्या मनात आहे, यंदाची मूठ त्यांच्याच हातून द्यावी. मला भेटायचंय त्यांना."

मी म्हटलं, "हिला बरं नसतं."

"मग मीच घरी येते."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीची आता बोटं दुखायला लागली आहेत.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेसातला लेकीचा फोन. रोज असतो. ती लांब राहते. "बाबा, इकडे या." मी म्हटलं, पंधरवडा चालू आहे. "आई होती तोवर ठीक होतं. आता दुसरं माणूस कोण दाखवता?" मी म्हटलं, शेजारचे येतात. लेकीशीही खोटं. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं.

हे सुरू कसं झालं ते एकदा लिहूनच टाकतो.

ही गेली तेव्हा मी ऑफिसात 'घरगुती काम' म्हणून चार दिवस कळवले. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक येणार, हात हातात घेणार, मला ते नको होतं. तीन आठवड्यांनी पंधरवड्याची वस्तू आली. एक बरणी, फिरकीच्या झाकणाची. परत करायला हवी होती. नियम मला पाठ, घरात माणूस एक. पण मी वादाचा रकाना उघडून बसलो आणि हात आपोआप चालला: 'झाकण फिरवायला यांना काय जातं, रोज उघडायचं मला असतं.' अगदी हिचाच आवाज. स्वयंपाकघरात उभा राहून एकटा हसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

तेव्हापासून सहा वस्तू झाल्या. दर वेळी ही भांडली. पंधरा दिवस घर भरलेलं असतं, मग गाडीवाला येऊन खोकं नेतो आणि भिंती अंगावर येतात. मला मुठीचं, इतिहासाचं काही पडलेलं नाही. तो रकाना आहे तोवर ही घरात आहे. तो गेला तर मला बोलायला कोणी नाही.

त्या दोघी बहिणींचं घड्याळ मला तेव्हाही आवडलं होतं. मग नापास का केलं? कारण ही नक्की तेच म्हणाली असती. पण 'म्हणाली असती' आणि 'म्हणाली' यात दोन बायकांची दोन वर्षं गेली.

८ मार्च, शनिवार

घड्याळ उत्तम आहे. बरोबर सहाला उशीखाली चकती थरथरते, जराही धसका बसत नाही. मी उठतो, चपला हातात घेतो आणि अनवाणी खोलीबाहेर येतो. हिची झोप फार सावध. ही सवय काही सुटत नाही.

वापरवहीत या घड्याळासाठी खास प्रश्न छापलाय: 'घरातल्या दुसऱ्या माणसाची झोप मोडली का?'

रोज लिहितो, नाही. तीन वर्षांतलं हे पहिलं खरं उत्तर.

११ मार्च, मंगळवार

इतिहासवाली येऊन गेली.

सकाळपासून तयारी करत होतो. हिच्या चपला दाराशी काढून ठेवल्या, खुर्चीवर शाल टाकली, टेबलावर दोन कप. चोराच्या मनात चांदणं! ती आली, मी लगेच सांगून टाकलं, "ही लेकीकडे गेलीय, अचानक ठरलं." ती बरं म्हणाली. जरासुद्धा विचारलं नाही की कधी येणार. चपलांकडे बघितलं मात्र.

चहा ओतायला गेलो तर तिने हिचा कप उचलला, आत बघितला, आणि स्वतः उठून धुऊन आणला. दुसऱ्याच्या घरात! हल्लीच्या मुलींना स्वच्छतेचं भलतंच वेड.

मग म्हणाली, "तुमचं दोघांचं सगळ्यात गाजलेलं भांडण कुठलं?"

गाजलेलं म्हणजे कात्रीचं. सत्तावीस वर्षं झाली. मी म्हणत होतो, इतकी समतोल कात्री आजवर हातात आली नाही. ही म्हणाली, माझ्या हातात येतच नाही. तीन दिवस मी हिला कात्री धरायचं शास्त्र शिकवलं. तीन दिवस! चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही डावखुरी आहे. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. हिने रकान्यात लिहिलं, 'कात्री चांगली आहे, नवरा उजवा आहे.' परीक्षक म्हणे टेबल बडवून हसले. त्या वर्षापासून प्रत्येक वस्तू डाव्या हातानेही तपासतात. जगभरच्या कारखान्यांनी त्यासाठी साचे बदलले. ते मात्र हिने खरंच लिहिलं होतं, स्वतःच्या डाव्या हाताने.

तासभर बोलत होतो. चहा गार झाला, दुसरा केला. इतिहासवालीने वही उघडलीच नाही, नुसती ऐकत बसली. अशाने इतिहास कसा लिहून होणार कोण जाणे.

जाताना हिच्या चपला पायाने सरळ लावल्या तिने. तिरक्या पडल्या होत्या म्हणे.

१४ मार्च, शुक्रवार

आज काय लिहू? जसं झालं तसं लिहितो.

गोदामात माझ्या टेबलावर एक जुनी वापरवही पडली होती. कोणी काढून ठेवली देव जाणे, बहुधा गाडीवाल्याने. अकरा वर्षांपूर्वीची, एका घडीच्या स्टुलाची. घर आमचं. मी म्हटलं, असं स्टूल आपल्याकडे कधी आलं नाही. मग तारखा बघितल्या. त्या पंधरवड्यात मी इस्पितळात होतो. पित्ताशयाचं ऑपरेशन चिघळलं होतं, एकोणीस दिवस काढले. मी समजत होतो, त्या वर्षी वस्तू दुसऱ्या घरी गेली.

अक्षर हिचं, डावीकडे कललेलं. सगळे पंधरा दिवस भरलेले. 'वापरणारी माणसं: दोन.' आणि वादाचा रकाना असा:

'हे म्हणतात, स्टूल फार हलकं, वाऱ्याने उडून जाईल. मी म्हटलं, तुम्ही बसा त्याच्यावर, मग बघू कसं उडतं.'

'यांना स्टूल दाराजवळ हवं, मला खिडकीजवळ. शेवटी खिडकीजवळच ठेवलं. हे काही बोलले नाहीत.'

'आज स्टुलावर चढून यांनी वरचा डबा काढून दिला. मला चढायची भीती वाटते म्हणून. आपण होऊन काढून दिला.'

आता, मी जन्मात वरचा डबा आपण होऊन काढून दिलेला नाही. ही चारदा सांगायची तेव्हा उठायचो, तेही कुरकुरत.

शेवटच्या दिवशी एक ओळ खोडलेली आहे. उजेडाकडे धरली तर वाचता येते. 'हे घरी आले की विचारून लि' एवढंच. मग खोडून त्याखाली लिहिलंय, 'यांचं म्हणणं, स्टूल चांगलं आहे.'

मी तिथेच खोक्यावर बसलो आणि रडलो. इथे लिहायला लाज कसली! घरांच्या यादीतून आमचं घर गळू नये म्हणून हिने खोटं लिहिलं, एवढंच असेल तर समजतो. पण पंधरा दिवस? रोज? इस्पितळातून दमून येत असणार, रिकाम्या घरात कुलूप काढत असणार, आणि बसून माझ्याशी भांडत असणार. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. मला वाटत होतं, असला वेडा मी एकटाच आहे.

वही पिशवीत घालून घरी आणली. चौतीस वर्षांत गोदामातून सुई हलू दिली नव्हती मी.

१५ मार्च, शनिवार

सांगून टाकलं.

स्वतःचं खोटं आहे तोवर आपलेच दात आपलेच ओठ. पण पत्रातल्या बहिणी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. त्या कोणा बाईला विचारतायत, 'झोप लागते का?' याचं उत्तरही मीच बनवून द्यायचं? एवढा निगरगट्ट मी अजून झालो नाही.

साहेबांच्या खोलीत गेलो. इतिहासवाली तिथेच बसली होती, बरंच झालं, दोनदा सांगायला नको. मी म्हटलं, "साहेब, ही गेली."

साहेब म्हणाले, "लेकीकडे ना? समारंभाआधी येतील की."

आली का पंचाईत! जन्मभर 'ही'च म्हणत आलो. ही म्हणजे हाताशी असलेली, आत्ता आतून हाक मारील अशी. तिच्याबद्दल 'गेली' म्हटलं तर कोणालाही वाटणार, बाजारात गेली. मग म्हणालो, "ती नाही आता. ती तीन वर्षांपूर्वी वारली. त्यानंतरच्या सहा वह्या मी एकट्याने लिहिल्या."

'ती' पहिल्यांदाच आली तोंडात. ऑफिसातल्या लोकांसमोर, उभ्याने.

साहेब खुर्चीत मागे टेकले. भला माणूस आहे, ओरडला नाही. टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाला की सहाही वस्तूंचे निकाल पुन्हा तपासावे लागतील, बनवणाऱ्यांना कळवावं लागेल, आणि तुमचं घर यादीतून काढावं लागेल. "नियम आहे. तुम्हाला मी काय सांगू?" घड्याळ दुसऱ्या घरी जाईल, त्या बहिणींचं नुकसान होणार नाही. माझी वही निकालात धरणार नाहीत. "पण ती पूर्ण करून द्या. अर्धी वही दप्तरात ठेवत नाही आपण." हा नियम मीच केला होता, नोकरीच्या एकविसाव्या वर्षी.

इतिहासवाली खिडकीबाहेर बघत होती. एवढी मोठी बातमी ऐकून तिला काहीच कसं वाटलं नाही? जिन्यात मात्र माझ्याबरोबर खाली आली. म्हणाली, "प्रकरण तसंच ठेवते. तुम्ही परवानगी दिलीत तर खरं काय ते लिहीन. नाहीतर कात्रीपाशी थांबेन."

मी म्हटलं, लिहा, माझं सगळं लिहा. मग पिशवीवर हात ठेवून विचारलं, "अकरा वर्षांपूर्वीचं एक स्टूल होतं, त्याची वही पाहिलीत का कधी?"

"स्टूल?" ती म्हणाली. "नाही बुवा. माझ्या यादीत असलं स्टूल कुठे नाही."

इतकी बारीक नजर, आणि नेमकी हीच सुटली! सुटली ते बरंच झालं. माझी मूठ उघडी पडली तर पडू दे. हिची झाकलेलीच राहील. तसंही त्या स्टुलाला बक्षीस मिळालं नव्हतं.

१६ मार्च, रविवार

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "आई माझ्याशी पण भांडायची बाबा, मला का नाही विचारलंत?"

खरंच, का नाही विचारलं?

१७ मार्च, सोमवार

शेवटचा दिवस.

काल झोपताना विचार केला की चौदा दिवस 'दुसऱ्याची झोप मोडली नाही' असं लिहितोय, पण ते पाहिलंय कोणी? माझी वही धरणार नाहीत तो भाग वेगळा. वस्तू घरात आली आणि मी ती नीट तपासली नाही, असं चौतीस वर्षांत झालेलं नाही.

म्हणून घड्याळ सहाला लावलं, चकती माझ्या बाजूच्या उशीखाली ठेवली, आणि मी हिच्या बाजूला झोपलो.

तीन वर्षं चार महिने त्या बाजूला हातसुद्धा गेला नव्हता. भिंतीकडून जरा गार लागतं. मला हे माहीत नव्हतं. ही कधी बोलली नाही. एकदा जरी म्हणाली असती तर जागा बदलली असती.

जाग आली ती फोनने. साडेसात! सहाला चकती थरथरून थांबली असणार, मला पत्ताच नाही. लेक म्हणाली, "बाबा, झोपला होतात? तुम्ही?" आणि हसायलाच लागली. मीही हसलो. येत्या महिन्यात येतो म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांसाठी, जास्त नाही.

वापरवही भरायला बसलो.

वापरणारी माणसं: एक.

दुसऱ्या माणसाची झोप मोडली का: नाही. तिच्या जागी झोपून स्वतः पाहिलं.

उरला वादाचा रकाना. तो काही सुचेना. दहाला गाडीवाला आला, तरी मी पेन धरून बसलेलाच. म्हटलं, थांब रे दोन मिनिटं. तो दाराशी बसला आणि म्हणाला, "लिहा सावकाश. वहिनीसुद्धा मला असंच बसवून ठेवायच्या, आणि शेवटच्या क्षणाला लिहायच्या."

बसवून ठेवायच्या म्हणाला, बसवून ठेवतात नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

मग मी लिहिलं, आणि शाई वाळायच्या आत वही त्याच्या हातात दिली:

'वाद: घड्याळाबद्दल काही नाही. ही उठत नाही याबद्दल आहे. बनवणाऱ्या बहिणींनी तो मनाला लावून घेऊ नये.'